एक सदरा जास्त

नाविक तळावर माणसं दोन हजार, आणि दोन हजारांचे सदरे पांढरे. भट्टीतून निघाले की सगळे सख्खे भाऊ. मग कोणता कुणाचा, हे ओळखायचं कसं? त्यासाठी लाँड्रीत खूणकाका होते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी एक उंच टेबल, त्यावर काळ्या शाईची दौत, टाक आणि जाडजूड खूणवही. तीस वर्षं काका त्या टेबलाशी बसून कॉलरच्या आत, मानेच्या मणक्याला टेकते तिथे, नखाएवढी खूण घालत आले होते. ठिपका, रेघ, फुली, कडी, एवढंच भांडवल. पण जुळण्या अशा की एकाची खूण दुसऱ्याला नाही. कापड विरलं तरी शाई विरत नसे.

काकांना याचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. कुणी येऊन म्हणालं, काका, माझा सदरा हरवला, तर ते वही न उघडताच म्हणायचे, सदरा नाही हरवत, तूच कुठंतरी हरवला असशील. त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाची बायको तिथेच इस्त्रीला होती. सगळी लाँड्री तिला वहिनीच म्हणे. वहिनी म्हणायच्या, "भावोजी, देवाच्या वहीत एखादी चूक निघेल, तुमच्या नाही निघायची." त्या टोमणा मारायच्या. काका ते कौतुक म्हणून पदरात घ्यायचे.

खुणेचा एक नियम होता. बदली होऊन गेलेल्या माणसाची खूण लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. तिला वर्षभर 'निजवायची', असा लाँड्रीतला शब्द. म्हणजे जुन्याचा एखादा चुकार कपडा मागून आला, तरी घोटाळा नको. मेलेल्याची खूण कायमची निजवायची. तीस वर्षांत काकांनी हा नियम एकदाच मोडला, आणि तोही मायेपोटी. माणूस द्वेषानं जेवढा घसरत नाही, तेवढा कधीकधी मायेनं घसरतो.

त्याचं असं झालं. टेहळणीच्या मनोऱ्यावर एक नवा जवान रुजू झाला. अंगानं बारीक, गळ्याचं माप चौदा, आणि तोंडात सतत शीळ. दोनच सूर; एक वर जाणारा, एक खाली येणारा. पहिल्याच दिवशी वहिनींनी त्याला बुलबुल म्हटलं आणि तेच नाव तळभर झालं. तो खिडकीशी वाकून म्हणाला, "काका, मला सोपी खूण द्या हो. तुमच्या त्या सहा रेघांच्या रांगोळ्या माझ्या डोक्यात राहत नाहीत." एवढ्या माणसांत सोप्या खुणा कधीच संपल्या होत्या. फक्त एक होती. दोन ठिपके आणि मध्ये उभी रेघ. ती ताडमाडची. ताडमाड म्हणजे तोफेवरचा एक धिप्पाड गडी, गळा सतरा. चारच महिन्यांपूर्वी तो लांबच्या सफरीवर गेला होता आणि दोन वर्षं परतणार नव्हता. काकांनी ती निजलेली खूण उठवली आणि बुलबुलच्या चारही सदऱ्यांवर घातली. वहीत मात्र ताडमाडचंच नाव ठेवलं. वर्ष झालं की बदलू, असं ठरवलं.

वर्ष व्हायच्या आत ताडमाडचं जहाज दुरुस्तीसाठी परत आलं आणि धक्क्याला लागलं. त्या आठवड्यात एकाच खुणेचे आठ सदरे काकांच्या टेबलावर आले. काकांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. कुणी पाहत नाही ना, हे बघून त्यांनी मापावरून चार इकडे, चार तिकडे केले. शनिवारी बुलबुल कपडे टाकायला आला, तेव्हा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, सोमवारी तुला दुसरी खूण देतो. तो हसला. "राहू द्या की काका. तेवढाच मला एक थोरला भाऊ मिळाला."

रविवारी लाँड्री बंद असते. पण शनिवारचे कपडे दोरीवरच राहिले होते, म्हणून काका सकाळी न्याहारी करून एकटेच काढायला आले. वाळवणीचं आवार धक्क्याच्या रस्त्याला लागून होतं. ऊन कोवळं होतं, हवेत साबणाचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास होता. लढाई कुठंतरी लांब चालली होती. वर्तमानपत्रात वाचायची, एवढी लांब. इतक्यात शीळ ऐकू आली. तेच दोन सूर, पण जोरात, पुन्हा पुन्हा. बुलबुल मनोऱ्याकडून जहाजांच्या दिशेने जीव खाऊन पळत येत होता. आवारापाशी आला तेव्हा त्याने काकांकडे पाहिलं. थांबला नाही. उजवा हात लांब करून, पंजा जमिनीकडे करून, दोनदा खाली दाबला. खाली पडा.

काका पडले. मग विमानं आली.

ती इतक्या खालून गेली की दोऱ्यांवरचे सदरे एकदम आडवे झाले. काका दोन्ही हात डोक्यावर घेऊन गवतात पडून राहिले. किती वेळ, ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. उठले तेव्हा धक्क्याला असलेल्या सहा जहाजांपैकी पाण्यावर दोन होती आणि दोरीवरचे सदरे काळे पडले होते.

पाचव्या दिवशी काकांना बोलावणं आलं. पाण्यातून काढलेल्यांचे चेहरे ओळखण्याजोगे उरले नव्हते. म्हणून कात्रीने प्रत्येकाच्या कॉलरचा खुणेपुरता चौकोन कापून एकेका पाकिटात ठेवला होता. व्यायामशाळेच्या लांब टेबलावर एकसष्ट पाकिटं मांडली होती. नोंदणीचे साहेब लिहायला बसले, आणि मागे अधिकारी, डॉक्टर, जवान असे तीस-चाळीस लोक उभे राहिले. काका खूण बघत आणि नाव सांगत. वही बगलेत, पण उघडायची गरज पडत नव्हती. साठ नावं त्यांनी न अडखळता सांगितली. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, हा माणूस नसता तर साठ घरांनी रडायचं कुणावर? काकांनी ते ऐकलं. त्या तसल्या जागीही त्यांना ते गोड लागलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच.

एकसष्टाव्या पाकिटात दोन ठिपके आणि मध्ये उभी रेघ होती.

खुणेखाली मापाचा शिक्का असतो. कात्रीने तो अर्धा तुटला होता, पण चार हा आकडा स्पष्ट दिसत होता. सतरामध्ये चार नसतो. काकांना तिथल्या तिथे कळलं की हा कोण आहे. पण बुलबुल म्हणायचं, तर ही खूण दोघांना दिली होती हे सांगावं लागणार. तीस-चाळीस माणसांसमोर, वही बगलेत असताना.

"काका?" साहेबांनी मान वर केली.

काकांनी ताडमाडचं नाव सांगितलं.

बंद पेटी ताडमाडच्या आईच्या हवाली झाली, पेटीला मानवंदनेच्या फैरी झाडल्या गेल्या, दगडावर नाव कोरलं गेलं. आणि बुलबुल मेलेल्यांतही नाही, जखमींतही नाही, असा अधांतरी राहिला. मग चौकशी बसली. एवढा मोठा तळ भर सकाळी झोपेत सापडला, त्याला कुणीतरी जबाबदार हवं होतं. मनोऱ्यावरून फोन आला नाही, आणि मनोऱ्यावरचा माणूस गायब. दोन अधिक दोन करायला लोकांना वेळ लागत नाही. आधी म्हणाले पळाला. मग म्हणाले शत्रूला फितूर होता. काका ते जेवणघरात ऐकायचे, पुढ्यातलं ताट सारून उठायचे. त्याला जहाजांकडे पळताना आपण पाहिलं, हे सांगायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं. पण मग लोक विचारणार, तर त्याचं प्रेत कुठंय? पोटातलं ओठावर आलं नाही.

दोन महिन्यांनी एक तरुण बाई लाँड्रीच्या खिडकीशी आली. बुलबुलची थोरली बहीण. शाळेत शिकवायची, आता शिकवत नव्हती, कारण पालकांनी मुलं तिच्या वर्गात पाठवणं बंद केलं होतं. घराच्या दारावर कुणीतरी डांबराने एक शब्द लिहिला होता आणि तो खरवडून निघत नव्हता. हे सगळं तिने दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, "पत्रात तुमच्याबद्दल लिहायचा. काकांच्या खुणेत चूक होत नाही म्हणायचा. त्याच्या खुणेचं काही मिळालं का हो? चिंधी असली तरी चालेल."

काकांच्या मागे तीन पावलांवर कपाट होतं. त्यात तळाशी बुलबुलचे तीन सदरे होते, धुतलेले, इस्त्री केलेले. एकेकाला चार मिळत. चौथा त्याच्या अंगावर होता.

"नाही, बाई," काका म्हणाले. "काही नाही मिळालं."

तिने मान हलवली आणि गेली. वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली होती. त्या काकांकडे बघत राहिल्या. टोमणासुद्धा मारला नाही.

त्याच्या पुढच्या सोमवारी मनोऱ्याच्या बराकीचं गाठोडं आलं. सोबतच्या चिठ्ठीत सदरे चाळीस. काकांनी मोजले, एकेचाळीस भरले. पुन्हा मोजले. एकेचाळीसच.

जास्तीचा सदरा गाठोड्याच्या मधोमध होता आणि ओला होता. घामानं होतो तसा नव्हे. पिळला तर धार लागेल इतका. पण त्याच्या वरचा आणि खालचा सदरा कोरडा ठणठणीत. गळ्याचं माप चौदा. काकांनी खूण बघायला कॉलर उलटली. खुणेच्या जागी चौकोनी भोक होतं, कडा सरळ, कात्रीनं कापल्यासारखं. त्यांनी ओलं बोट जिभेला लावलं. खारट.

कुणीतरी चेष्टा केली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बराकीच्या मुकादमाला विचारलं, तर तो चिडला. चाळीसच होते, म्हणाला, मी स्वतः मोजून गाठ मारली. काकांनी सदरा धुऊन दोरीवर टाकला. दुपारपर्यंत बाकीचे खडखडीत वाळले. त्याच्या बाह्यांमधून पाणी ठिबकतच होतं. शेवटी वहिनी म्हणाल्या, आणा इकडे, इस्त्रीच्या तोंडी दिला की वाळेल.

ओल्या कापडावर इस्त्री ठेवली की चर्र आवाज होतो. हा तसा नव्हता. आधी वर जाणारा एक सूर निघाला, मग खाली येणारा. वहिनींनी चटका बसल्यासारखी इस्त्री उचलली. आवाज थांबायला हवा होता. तो आणखी एकदा झाला.

"भावोजी, हा कुणाचा?"

"खूण नाहीये त्याला."

"खूण कापलीय." वहिनींनी भोकातून बोट घालून दाखवलं. "नसणं वेगळं, आणि कापलेली असणं वेगळं."

काकांनी कपाट उघडून पाहिलं. तळाशी तीन सदरे होते तसेच होते, कोरडे. त्यांनी कपाट बंद केलं आणि पुढचा विचार केला नाही. तो ओला सदरा भट्टीखालच्या जाळात टाकला. जाळच विझला. राखेतून चिमट्याने काढावा, तर सदरा पांढराच. मग त्यांनी तो टराटरा फाडला, फरशी पुसायच्या चिंध्या केल्या आणि बादलीत कोंबल्या.

दुसऱ्या सोमवारी एकेचाळीस. जास्तीचा सदरा पुन्हा अख्खा होता. फक्त कॉलरचं चौकोनी भोक तसंच होतं.

तिसऱ्या सोमवारीही. चौथ्याही. काकांनी चिंध्यांची बादली पाहायचं सोडून दिलं. त्यांच्या अंगालाच खारट वास येऊ लागला. आंघोळ केली तरी जाईना. जेवणघरात लोक नेहमीसारखे 'काका, बसा' म्हणत आणि काका त्यांच्याकडे पाठ करून बसत. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. काकांच्या मनात भर दुपारचं ऊन होतं. कुठं तोंड लपवायला सावली नव्हती.

देव माणसाला ओरडून काही सांगत नाही. आधी हळू सांगतो, मग जरा मोठ्यांदा, आणि आपण कान झाकून घेतले तर डोळ्यांसमोर आणून ठेवतो. पाचव्या सोमवारी तेच झालं. दुपारी बाराच्या सुमारास काका आवारात कपडे उलटायला गेले. वारा समुद्राकडून येत होता आणि चाळीस सदरे जमिनीच्या बाजूला फुगले होते.

एकेचाळिसावा उलट फुगला होता. समुद्राकडे.

त्याची उजवी बाही हळूहळू वर आली. दोरीच्या रेषेत ताठ झाली. आणि दोनदा खाली दाबली गेली.

काका खाली वाकले. ते तिथेच, त्याच गवतात बसले.

मागून वहिनींची पावलं वाजली. त्यांनीही ते पाहिलं होतं. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "भावोजी, ते पोर तुम्हाला काय सांगतंय ते मला नाही कळत. तुम्हाला कळतं. जा."

काकांनी तीन कोरडे सदरे आणि चौथा ओला असे बरोबर घेतले, वही घेतली, आणि नोंदणीच्या साहेबांसमोर उभे राहून सगळं सांगितलं. खूण दोनदा दिली इथपासून. बुलबुलला पळताना पाहिलं ते. चार हा आकडा पाहिला ते. आवाज बारीक होता, पण काही गाळलं नाही. बहिणीला नाही म्हणालो, तेव्हा सदरे पाठीमागेच होते, हेही सांगितलं.

साहेबांनी कपाटातून एकसष्टावं पाकीट काढलं. तुकडा चिमट्याने उचलून ओल्या सदऱ्याच्या कॉलरवर ठेवला. धाग्याला धागा बसला.

टेबलावर पाणी पसरत होतं. साहेबांनी आपले कागद उचलून मांडीवर घेतले.

"हा सदरा तर त्याच्या अंगावर पुरलाय."

"हो."

"मग हा आला कुठून?"

"सोमवारच्या गाठोड्यातून."

साहेबांनी बाकी सगळं लिहून घेतलं. एवढं वाक्य नाही लिहिलं. काका निघाले तेव्हा म्हणाले, "बहिणीला पत्र मी पाठवतो. ताडमाडच्या आईला मात्र तुम्ही सांगायचं. मला नाही जमणार."

ताडमाडची आई दर रविवारी दफनभूमीत त्या दगडापाशी येऊन बसायची. धिप्पाड बाई, मुलगा तिच्यावरच गेला होता. काका तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि मान खाली घालून सांगितलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने दगडावरचा हात तेवढा काढून घेतला. परक्याच्या वस्तूवर चुकून हात पडावा तसा.

"मग माझा कुठाय, दादा?"

काकांनी समुद्राकडे पाहिलं.

दगडावरचं नाव बदललं. चौकशीच्या कागदावर लाल शाईने दुरुस्ती झाली, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. बुलबुलची बहीण सदरे न्यायला आली. तीन घेतले, चौथ्यासाठी थांबली. काकांनी कपाट उघडलं. चौथा कालपर्यंत ठिबकत होता. आता घडी घातल्यासारखा, कोरडा, उन्हाचा वास येणारा. तिने कॉलरच्या भोकावरून अंगठा फिरवला.

"दोन ठिपके आणि एक रेघ," ती म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं ना, काका?"

काकांनी हात जोडले. तिने ते पाहिले की नाही कोण जाणे. सदरे छातीशी धरून ती वळली होती.

त्या रात्री कितीतरी महिन्यांनी काकांना झोप लागली. सोमवारी मनोऱ्याच्या बराकीचं गाठोडं आलं. चिठ्ठीत चाळीस. काकांनी मोजले. चाळीस. वहिनींनी सुस्कारा सोडला आणि इस्त्री तापायला ठेवली.

मग तोफेवाल्यांच्या बराकीचं गाठोडं आलं. चिठ्ठीत छत्तीस.

काकांनी गाठ सोडली. एक, दोन, तीन. छत्तिसावर त्यांचा हात थांबला. खाली अजून एक होता.

तो दोन्ही हातांनी उचलावा लागला, इतका जड होता पाण्यानं. गळा सतरा. काकांनी कॉलर उलटली. कुणीही काहीही कापलेलं नव्हतं. कापायला तो कुणाला सापडलाच नव्हता. दोन ठिपके, मध्ये उभी रेघ. त्यांच्याच हातची, काळीभोर, कालच घातल्यासारखी.

वहिनींनी कोपऱ्यातलं घमेलं आणलं आणि सदऱ्याखाली सरकवलं.

थेंब पडू लागले. या वेळी काकांनी बोट जिभेला लावलं नाही.